तळ कोठे द्यावा?
भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीची एक पाहणी

डोंगर आणि पाणी जेथे एकमेकांना खेटून आहेत, अशा प्रदेशात रात्रीच्या तळाची जागा निवडणे हे वरवर पाहता अगदी सोपे काम वाटते. कारण जिकडे दृष्टी टाकावी तिकडे जागा रम्यच असते, आणि रम्यता हीच जर कसोटी मानली तर कोणतीही जागा त्या कसोटीत नापास होण्याचा संभव नसतो. अडचण नेमकी येथेच उत्पन्न होते. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, चिचोंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावे आणि त्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. त्यांना जोडत वळसे घेत जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा आज ‘टेंट मिळतील’, ‘लेक व्ह्यू’, ‘लेक टच’, ‘जेवणासह मुक्काम’ अशा पाट्या दिसतात. शनिवारी दुपारी कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून, घोटीपाशी महामार्ग सोडून येणारा मुंबईचा नोकरदार, किंवा संगमनेर-अकोल्याच्या वाटेने येणारी पुण्याची मित्रमंडळी, मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या छायाचित्राच्या भरवशावर आगाऊ रक्कम भरून यांपैकी एका पाटीखाली येऊन थांबते. छायाचित्रात तंबू असतो, पाणी असते, पाण्यात उलटे पडलेले डोंगर असतात. पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा, जमिनीची मालकी आणि रात्री दोन वाजता मारलेल्या हाकेला ओ देणारा माणूस, या चार गोष्टी मात्र कोणत्याही छायाचित्रात येत नाहीत. आणि मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे ठरते ते या चारांवरच.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. ज्या मुलखात शतकानुशतके फौजा फिरल्या, गड बांधले गेले, तेथे ‘जागा कशी निवडावी’ याचे शास्त्र अनुभवाने घडत गेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गासाठी स्थळ पाहताना पाण्याचा विचार सर्वांआधी करण्याची ताकीद आहे. आणि पुढे इंग्रजी अमदानीत हिवाळी दौऱ्यावर निघणाऱ्या जमाबंदीच्या साहेबांचे डेरेही आमराईच्या सावलीत, विहिरीच्या आसपास आणि गावाच्या हाकेच्या अंतरावर पडत, ते काही केवळ शोभेसाठी नव्हे. पण या सर्वांहून जुने आणि अधिक विश्वसनीय असे एक पुस्तक या खोऱ्यात उघडेच पडलेले आहे, ते म्हणजे येथील महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-पाड्यांची ठेवण. त्या वाड्या ओढ्याच्या तोंडाशी सहसा नाहीत, कड्याच्या थेट पायथ्याशी नाहीत, उघड्या खिंडीतही नाहीत. डोंगराची एखादी सोंड जेथे उतरता उतरता क्षणभर सपाट होते, पाठीशी वारा अडवणारा उंचवटा असतो आणि पायाशी भाताची खाचरे असतात, अशा खांद्यावर त्या वसलेल्या आहेत. जेथे भात पिकते तेथे घर नाही, आणि जेथे घर आहे तेथे पावसाचे पाणी साचत नाही. परक्या माणसाने तंबूची जागा पाहताना प्रथम गावाकडे पाहावे, आणि गावाने जी जागा घरासाठी टाळली ती आपण झोपण्यासाठी का निवडत आहोत, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

या प्रदेशाची रचना थोडक्यात ध्यानात घेतली म्हणजे पुढचे विवेचन सुलभ होईल. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन शेवटी गोदावरीस मिळते. उगमापासून थोड्याच अंतरावर, शेंडीजवळ, तिच्या वाटेत १९१० साली धरणाचे काम सुरू झाले. ते पुरे होऊन १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातील अत्युच्च धरणांपैकी एक गणले जाई. त्यामागे जो जलाशय निर्माण झाला त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट, म्हणजे आजच्या बोलीत ११ टीएमसी, पाणी मावते. उत्तरेस १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर, वायव्येस अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गत्रयी, नैऋत्येस रतनगड, दक्षिणेस पाबरगड, आणि पश्चिमेस घाटघरपाशी जमीन एकाएकी तुटून खाली कोकण. चारी बाजूंनी अशा कड्यांचा वेढा असलेल्या या पाण्याभोवती तळासाठी जागा शोधणे म्हणजे वस्तुतः चार वेगवेगळ्या हवामानांतून एकाची निवड करणे होय.

त्यात पहिला विचार पाण्याचा. ‘लेक टच’ या पाटीचा अर्थ तंबूच्या दारातून पाऊल उचलले की पाणी, असा प्रवासी करतो. आणि ऑक्टोबरात आला तर तो अर्थ खराही ठरतो. परंतु हे नैसर्गिक सरोवर नव्हे. हा एक साठा आहे आणि त्याचा हिशेब खाली, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांवर मांडला जातो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील ऊस या पाण्यावर उभा राहिला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली निघाला, त्यामागे हेच पाणी होते. कालव्याचे आवर्तन सुटले की भंडारदऱ्याचा काठ मागे सरकतो. १५ ऑगस्टच्या सुमारास धरण भरते असा जुना अनुभव आहे, आणि त्या सुमारास शेंडीच्या वाटेवर पाहणाऱ्यांची रीघ लागते. परंतु तोच काठ मार्च-एप्रिलात इतका खाली गेलेला असतो की डिसेंबरात ज्याने ‘लेक टच’ तंबूत रात्र काढली त्याला आपली जागा ओळखू येऊ नये.

हा उघडा पडलेला काठ एकदा पायांनी उतरून पाहण्यासारखा आहे. प्रथम वाळलेले गवत आणि गुरांचे शेण. मग धरणापूर्वीच्या खाचरांचे, दगड निखळलेले बांध, एकाखाली एक. त्याखाली भेगाळलेली, टाच टेकली की कुडकुड वाजणारी माती. आणि मग एकाएकी रंग बदलून करडा, गुळगुळीत, ओला गाळ, ज्यात पाय घोट्यापर्यंत जातो तोवर माणूस हसत असतो आणि गुडघ्यापर्यंत गेला की हसणे थांबते. ज्या बांधांवरून आपण उतरून आलो तसेच बांध पुढे पाण्याखालीही आहेत. कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त चालणारा पोहता न येणारा इसम एका पावलात बांधावरून खालच्या खाचरात उतरतो, आणि ते खाचर त्याच्या डोक्याहून खोल असते. जलाशयांच्या काठी बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. बुडणारे बहुधा शहरातून आलेले तरुण असतात. म्हणून मुले बरोबर असतील तर पाण्यापासून निदान शे-दोनशे पावलांवर, आणि पाण्याच्या व तंबूच्या मध्ये कुंपण किंवा उंच बांध असलेली जागा पसंत करावी. पाणी दिसावे, पण झोपेत चालत जाऊन गाठता येऊ नये, इतके अंतर योग्य.

दुसरा विचार जमिनीचा, आणि तो कागदपत्रांचा असल्यामुळे प्रवासी तो करीतच नाही. रस्त्यापासून पाण्यापर्यंत उतरत गेले तर सामान्यतः तीन धन्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. वर गावकऱ्यांची सातबाऱ्यावर नोंद असलेली खासगी जमीन. बाजूला आणि माथ्याकडे वनखात्याची. आणि खाली, पाण्याच्या महत्तम पातळीच्या आत, धरणासाठी संपादित झालेली पाटबंधारे खात्याची. या शेवटच्या पट्ट्यात पाणी ओसरल्यावर गाळपेर होते. खाते ती जमीन वर्षापुरती भाडेपट्ट्याने देते आणि तीत प्रकल्पग्रस्तांचा हक्क आधी मानला जातो. ज्या गाळावर तंबूंची रांग उभी असते तो कित्येकदा कुणाच्या तरी हरभऱ्याचा किंवा काकडीचा हंगाम असतो, हे ध्यानात आले म्हणजे ‘अगदी पाण्यालगत द्या’ हा आग्रह जरा संकोचाने धरावासा वाटेल.

खासगी जमिनीचीही एक कैफियत आहे. येथील बहुतेक खातेदार आदिवासी आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्यातील ३६ व ३६-अ या कलमांन्वये आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने, गहाणाने किंवा भाडेपट्ट्यानेही परवानगीवाचून जाऊ शकत नाही. कायद्याचा हेतू उघड आहे: सावकाराने एकदा नेलेली जमीन पुन्हा दुसऱ्या रूपाने जाऊ नये. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जेथे जमीनमालक स्वतःच तळ चालवतो तेथे व्यवहार सरळ असण्याचा संभव अधिक. आणि जेथे फोनवर बोलणारा शहरात, तंबू दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची आणि रात्री राखण करणारा पोरगा चौथ्याच गावचा, तेथे काही बिनसले म्हणजे जबाबदारी कोणाची, याचा पत्ता लागत नाही. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून, साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी असे त्यात अभिप्रेत आहे. ‘नोंदणी आहे का?’ हा प्रश्न विचारल्याने कोणी रागावत नाही. आणि जो रागावतो त्याच्याकडे उतरू नये.

वनहद्दीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. साडेतीनशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात जलाशयाभोवतीची कित्येक गावे येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, यानुसार अभयारण्यात प्रवेशाला निर्बंध आहेत, आणि अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा आहे. वनखात्याच्या नाक्यावर फाडलेली पावती ही आत शिरण्याची परवानगी होय. वाटेल तेथे राहुटी ठोकून शेकोटी पेटवण्याचा परवाना नव्हे. फेब्रुवारीनंतर या डोंगरांवरील गवत इतके सुकलेले असते की एका ठिणगीने पेटलेला वणवा एका संध्याकाळीत अख्खी सोंड काळी करून टाकतो. चांगल्या तळावर शेकोटी जमिनीवर नसते. ती लोखंडी घमेल्यात किंवा दगड रचून केलेल्या आळ्यात असते, शेजारी पाण्याची बादली असते, आणि मालक झोपण्यापूर्वी ती स्वतः विझवतो. लाकूड कोठून आणले, असे विचारून पाहावे. त्याचे उत्तर ज्या सहजतेने मिळते तीवरून पुष्कळ कळते.

आता वारा. हा या प्रदेशाचा खरा धनी. पश्चिमेकडे घाटघरला कड्यावर उभे राहिले म्हणजे कोकणातून वर येणारा वारा अंगावर आपटतो, आणि तोच पुढे जलाशयाच्या लांबट पात्रावरून अडथळ्यावाचून पूर्वेकडे धावतो. उडदावण्याच्या एका वृद्ध गृहस्थाने तंबूचे दार पश्चिमेला केलेले पाहून म्हटले, “दादा, तोंड फिरवा तंबूचं. वारं घाटघरवरनं येतं; रातभर कापड फडफडत राहील अन् झोप काय लागायची न्हाई.” त्याच्या स्वतःच्या घराला पश्चिमेच्या अंगाला दार नव्हते, झरोकाही नव्हता, होती ती कुडाची भिंत, आणि तिला लागून रचलेली लाकडांची उतरंड. जो तळ या शहाणपणाने मांडलेला असतो त्याच्या पश्चिमेला झाडांची ओळ, दगडी गडगा किंवा निदान मालकाचे घर तरी असते. शिवाय बेसॉल्टच्या या कातळावर माती फार थोडी. कित्येक ठिकाणी वीतभर मुरुमाखाली खडक लागतो आणि तंबूच्या मेखा आत शिरतच नाहीत. मग त्या नुसत्या दगडांनी दाबून ठेवतात. पोचल्याबरोबर एक मेख हाताने ओढून पाहावी. ती उपटून हातात आली तर दुसरा तंबू मागावा.

थंडीचा न्याय वेगळा. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून निथळत खाली खोलगटात साचते. म्हणून पाण्याच्या काठावरील सखल जागा ही रात्रीची सर्वांत गार आणि सर्वांत दमट जागा असते. पहाटे तंबूचे कापड आतूनही ओले लागते, ते दवामुळे आणि आपल्याच श्वासामुळे. त्याच खोऱ्यात शंभर फूट वर, सोंडेच्या खांद्यावर, गारठा सुसह्य असतो. पुन्हा उत्तर काठ आणि दक्षिण काठ यांतही भेद आहे. मुरशेत-पांजऱ्याच्या बाजूचा उतार दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यातील कललेले ऊन त्यास दिवसभर मिळते आणि समोर रतनगड-पाबरगडाची रांग असते. मुतखेल-कोलटेंभ्याच्या बाजूस पाठीशी डोंगर असल्याने ऊन उशिरा येते, पण समोर पाण्यापलीकडे कळसूबाईची धार उभी दिसते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर पहिली बाजू घ्यावी. ज्यांना शिखरे पाहण्याची हौस असून दोन कांबळी अधिक आणण्याची तयारी आहे त्यांनी दुसरी. डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी येणाऱ्यांनी मात्र घाटघर-साम्रदकडच्या उघड्या पठारांचा विचार करावा. तेथे आकाश विस्तीर्ण आहे आणि वाराही तितकाच.

ज्यांचा उद्देश निश्चित आहे त्यांची निवड अधिक सोपी असते. रतनगड चढायचा असेल तर रतनवाडीतच उतरावे. तेथील अमृतेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर आणि त्याजवळची पुष्करिणी सकाळच्या उन्हात, गर्दीपूर्वी, पाहण्याचा लाभ त्यामुळे आपोआप मिळतो. सांदण दरीत उतरायचे असेल तर साम्रद. परंतु ती चिंचोळी घळ पावसाळ्यात जाण्याची नव्हे. कळसूबाईसाठी जलाशयाचा काठ सोडून बारी गाठावी. आणि ज्यांना पाठीच्या दुखण्यामुळे जमिनीवर झोपवत नाही त्यांनी शेंडीला पर्यटन महामंडळाच्या किंवा खासगी निवासात खाटेवर झोपून सकाळी काठाने फिरावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

पावसाळ्याबाबत मात्र भीड न ठेवता सांगितले पाहिजे. घाटघर आणि रतनवाडी ही जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे. त्याच तालुक्याचे ठाणे असलेल्या अकोल्याला जेवढा पाऊस होतो त्याच्या कित्येक पट येथे कोसळतो, आणि घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणण्याचा प्रघात आहे. जून ते सप्टेंबर या काळात कापडी तंबू ही येथे राहण्याची वस्तूच नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगर खचून गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मृत्यू पावली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. ही दोन्ही याच सह्याद्रीतील जुनी वस्तीची ठिकाणे होती. म्हणजे गावाच्या ठेवणीला मी ज्या पुस्तकाचा मान दिला तेही निरपवाद नाही. उतारावरची माती आणि तिच्यात मुरणारे पाणी यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जुळत आला तरी एखाद्या रात्री तो चुकतो. जेथे दगडी जोत्याचे घर पुरले नाही तेथे नायलॉनच्या छपराची कथा काय? पावसातले भंडारदरा पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे. ती दिवसा पुरी करावी आणि रात्री पक्क्या छपराखाली, शक्यतो शेंडीत किंवा एखाद्या ओळखीच्या घरच्या पडवीत, झोपावे. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी घरूनच निघू नये.

मे महिन्याची अखेर आणि जूनचा आरंभ हा काजव्यांचा काळ. पहिल्या दमदार पावसापूर्वी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर लक्षावधी काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात; तो सोहळा पाहण्यासाठी आता इतकी वाहने लोटतात की कित्येक रात्री घाटघरच्या वाटेवर काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवेच अधिक दिसतात. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीचा परस्परांशी चाललेला संकेत असतो. त्यावर हेडलाइट किंवा विजेरीचा झोत पडला की संकेत तुटतो, आणि झाडाखाली तुडवले जाणारे गवत व पाचोळा हीच पुढच्या पिढीची जागा असते. त्या दिवसांत ज्या तळावर रात्रभर हॅलोजन जळतो, किंवा जो ‘झाडाखालीच तंबू’ देतो, तो पैसे वाचत असले तरी घेऊ नये. शिवाय वैशाखातील वळीव विजा घेऊन येतो. उघडा माळ आणि एकटे उभे झाड, दोन्ही त्या वेळी वर्ज्य.

एवढे सर्व पाहून झाल्यावर जी गोष्ट उरते ती यजमानाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक. मुरशेतच्या वाटेवरील एका तळावर यजमानीण चुलीपुढे नागलीच्या भाकऱ्या थापत होती आणि तिचा मुलगा तंबूंच्या भोवती हातभर रुंदीचा पट्टा खरडून गवत काढीत होता. कारण विचारता त्याने ‘फुरसं’ एवढा एकच शब्द उच्चारला. फुरसे आणि घोणस हे दोन्ही विषारी साप या डोंगरांत आहेत, विंचूही आहेत, आणि सर्पदंशाच्या रुग्णाला राजूरच्या किंवा त्याहून मोठ्या दवाखान्यात पोचवायचे तर रात्री गाडी, चालक आणि वाट माहीत असलेला माणूस जागेवर हवा. मोबाइलचा संपर्क येथे कित्येक ठिकाणी मिळत नाही. त्या घरची मोटारसायकल तळाच्या तोंडाशी, रस्त्याकडे चाक करून उभी होती. शहरातील कोणत्याही सुरक्षाविषयक पाटीपेक्षा त्या चाकाची दिशा मला अधिक आश्वासक वाटली.

त्याच घरी दुसऱ्याही काही गोष्टी पाहण्यासारख्या होत्या. संडास पाण्याच्या बाजूस नसून घराच्या वरच्या अंगाला, शोषखड्ड्यासह बांधलेला होता. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी माठ आणि कळशी होती. ताटात तांदूळ होता तो त्यांच्याच खाचरातला, पिठले आणि ठेचा. हौसेने मागितली असती तर कोंबडीही मिळाली असती. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली; ज्या भागातील बाईने शेकडो वाणांची पेढी उभी केली तेथे येऊन शहरातून आणलेले पनीर मागणे हा रसिकतेचा लोप म्हटला पाहिजे. आणि ध्वनिक्षेपक नव्हता. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागी तो वाजवण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहेच. परंतु थंड रात्री पाण्यावरून आवाज किती दूर जातो हे ज्याने ऐकले आहे त्याला कायदा सांगावा लागत नाही. पलीकडच्या काठावरील गाणे या काठावरच्या वाडीत शब्दन्‌शब्द ऐकू येते, आणि त्या वाडीतील माणसांना पहाटे उठून गुरे सोडायची असतात.

म्हणून ज्या वाचकाला या हिवाळ्यात भंडारदऱ्यास जावयाचे आहे त्याने आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी फोनवर पाच प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आहे? सध्या पाणी तंबूपासून किती लांब आहे? पश्चिमेच्या अंगाला आडोसा कशाचा आहे? रात्री दवाखान्यात जाण्याची पाळी आली तर गाडी कोणाची? आणि शेवटचा, पण महत्त्वाने पहिला: आपण स्वतः रात्री कोठे झोपता? ‘इथंच, घरात, पोरंबाळं इथंच असतात’ असे उत्तर आले, तर दृश्य थोडे कमी प्रतीचे असले तरी तो तळ घ्यावा, कारण ज्या जागी यजमान आपल्या कुटुंबासह निर्धास्त झोपतो ती जागा त्याने अनेक हिवाळे आणि अनेक पावसाळे पारखलेली असते. ‘आम्ही संध्याकाळी येऊन जातो’ असे उत्तर आले, तर छायाचित्र कितीही मोहक असो, तो तळ घेऊ नये.